पाणी लागल्यावर

आमचे धम्मानंदमामा उदगीरचे बोअरवाले. खाली मुरूम आहे का काळा दगड, हे ते मशीनच्या नुसत्या आवाजावरून सांगतात. पाणी लागलं की शेतमालक नारळ आणायला पळतो. मामा मशीन बंद करून आधी पायातल्या चपला काढतात. पाण्यासमोर पायात काही ठेवायचं नाही, हा त्यांचा हट्ट. आम्ही त्याची फार चेष्टा करायचो.

गेल्या साली त्यांची लेक बुद्धप्रिया त्यांना हिमालयात घेऊन गेली. ती हिमनद्यांवर संशोधन करते. बर्फात भोक पाडायला तिला बापाचाच हात हवा होता. तिथं तिनं समजावलं, "आबा, सगळा बर्फ सारखा नसतो. वरचा आन् खालच्या टोकाचा लई गार, टोकाचा तर जमिनीला चिकटून बसलाय. मधे तळाचा बर्फ मातर वितळायच्या बेतात हाय. तिथं पाणी साठलंय, आन् टोकाच्या बर्फानं ते अडवून धरलंय, कवा फुटंल नेम नाय. भोकाला पाणी लागलं की आधी शिट्टी वाजवा. मी खाली टोकाशी आसंन, लगेच बाजूला व्हते."

त्यांच्या गळ्यात शिट्टी अडकवून ती मोजमापं घ्यायला उतरली. दुपारपर्यंत पाणी लागणार नाही, असा तिचा अंदाज होता.

तासाभरातच मशीनचा आवाज मऊ झाला आणि भोकातून पाणी उसळलं. मामांनी मशीन बंद केलं, खाली बसले आणि बुटांच्या लेस सोडायला लागले. बोटं बधिर झालेली. एक बूट निघाला, दुसऱ्याची गाठ सुटेना. तेवढ्यात बर्फाच्या पोटातून कडकड आवाज टोकाकडे गेला. तेव्हा कुठं त्यांना शिट्टी आठवली.

ते फुंकत राहिले. खाली पाण्याचा लोट फुटला होता आणि लेक दिसत नव्हती. एका अनवाणी पायानं ते बर्फावरून धावत सुटले.

बुद्धप्रिया कडेच्या खडकावर सापडली, कमरेपर्यंत भिजलेली, थरथरत. कडकड ऐकून ती आपणच पळाली होती. बापाचा उघडा पाय बघून तिला सगळं कळलं. तिनं आपला मफलर त्या पायाला गुंडाळला. मला विचाराल तर चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मामा सुटले तरी असते.

परवा देवणीजवळ बोअरला पाणी लागलं. मालक किशनराव आनंदानं ओरडायला लागले. मामांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि वाजवतच राहिले. माणसं हसली. मग त्यांनी लेकीला फोन लावला.

"कुठं हायेस?"

"हॉस्टेलवर, आबा."

"उंचावर हाय ना?"

"हाव, तिसऱ्या मजल्यावर."

मग त्यांनी चपला काढल्या.