घासागणिक गुण

माणसाच्या ताटाकडे पाहून त्याचे टक्के सांगणारा माणूस अख्ख्या मूल तालुक्यात एकच, आणि तो माझा घरमालक आहे, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले हे सर एकेकाळी बोर्डाच्या परीक्षेत नियामक होते. म्हणजे इतर परीक्षकांनी तपासलेले पेपर पुन्हा तपासून त्यांच्या चुका काढायच्या, असं सुखाचं काम. शाळा सुटली, पण हातातला लाल पेन सुटला नाही. पेपर मिळेनात म्हणून ते ताटं तपासू लागले. लग्नाच्या पंगतीत ओळखपाळख नसलेल्या पाहुण्याला ते शांतपणे सांगतात, "भाजी उरवली तुमी. पन्नासच्या वर जात नाई." दूधवाल्याला गालातल्या तंबाखूच्या खर्र्यापायी रोज शून्य मिळतं, तोही बिचारा उद्यापासून सुधारतो म्हणून दूध मापून निघून जातो.

मी कुरखेड्याकडची, धान पिकवणाऱ्या घरातली. आमच्या सगळ्या भावकीत बी.एस्सी. झालेली पहिली मीच, आणि हे सांगताना मी आवाज मुळीच बारीक करत नाही. मूल गावात नोकरी लागली तेव्हा त्यांची खोली पाहायला गेले, तर भाडं सांगायच्या आधी सरांनी सकाळी काय खाल्लं ते विचारलं. आंबील म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. सोबत जवसाची चटणी होती म्हटल्यावर किल्ली माझ्या हातात होती.

सरांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, वारल्यावर सर एकटे पडले. त्यात एकदा बाजारात चक्कर येऊन बसले आणि ती बातमी पुण्याला मुलाकडे पोचली. मुलाने फोनवर अट घातली की खाण्यापिण्याचे गुण रोज दाखवा. घसरले तर घराला कुलूप लावून पुण्याला यायचं. दहाव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये सर एकदा राहून आले होते. तिथे कोणाच्याच ताटात डोकावता येत नाही, सगळ्यांची दारं बंद असतात, एवढंच त्यांनी परत आल्यावर सांगितलं होतं.

आता गुण मोजायचे कशाने? मुलाने फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं होतं. सुनेने नागपूरच्या आहारवाल्या बाईंचा तक्ता पाठवला. तिसरं एक कार्ड सरांना इथल्याच आरोग्य शिबिरात मिळालं होतं. दुसऱ्या कोणी यातलं सोपं ते धरलं असतं. सरांनी तिन्ही धरली आणि एकच ताट तिन्हींकडून तपासून घ्यायला लागले. हातसडीचा भात, लाखोरीचं वरण आणि रानातल्या तरोट्याची पालेभाजी असं साधं ताट. तक्त्याने भाताचे गुण कापले, कार्डाने भात विचारलाच नाही, आणि ॲपला तरोटा ठाऊक नव्हता म्हणून त्याने पालक धरू का असं विचारलं. सर त्या फोनकडे असे पाहत राहिले की मला फोनचीच दया आली. म्हणाले, "तरोट्याले पालक म्हणणाऱ्या पोट्ट्याले मी वर्गाबाहेर उभं केलं असतं."

गुण जुळेनात म्हणून सर कासावीस. माझं शिक्षण इथे कामी आलं. मी त्यांना सांगितलं की सर, हे तीन वेगळ्या विषयांचे पेपर आहेत. ॲप तुम्ही काय काय खाल्लं ते मोजतं. तक्ता शंभरापासून सुरू होतो आणि जे टाळायला हवं होतं ते खाल्लं की कापत जातो. कार्ड खाण्याचं थोडं आणि जगण्याचं जास्त विचारतं: झोप, चालणं, तंबाखू, जेवताना सोबत कोण, शेजाऱ्यांशी देणंघेणं किती. गणितातले गुण मराठीच्या पेपरात मिळवून सरासरी काढली तर पोरगा हुशार कशात ते कळेल का? सरांनी बराच विचार केला आणि तोंडावर कबूल केलं की पोरीचं म्हणणं टिकते. नियामकाकडून आलेली ही कबुली मी माझ्या पदवीशेजारी ठेवली आहे.

पण ॲपमध्ये माहिती भरताना सरांनी जो नियम लावला तो मला माहीत नव्हता. त्यांच्या चुलीवर शिजलेली प्रत्येक वाटी ते स्वतःच्या नावावर चढवत होते. भात माझ्या खोलीत यायचा, मागच्या आजींकडे जायचा, समोरच्या शिलाईवाल्या चाचांकडे जायचा. शिवाय आमच्याकडे आलेली वाटी कोणी रिकामी परत देत नाही. चाची तीत कधी शेवया, कधी दालचा घालून पाठवायच्या, आजी वड्या. सर तेही चढवायचे. पुण्यात मुलाला दिसत होतं ते एवढंच, की एकटा राहणारा आपला म्हातारा बाप पातेलंभर भात खातो आणि वर वाडगाभर शेवया.

मुलगा न कळवता येऊन दारात उभा राहिला, आणि पाणी पिण्याआधी बॅग भरा म्हणाला. वाट्यांचा हिशेब विचारल्यावर त्यांनी निरागसपणे नियम सांगितला, "उत्तरपत्रिकेत जे लिहिलं ते सारंच तपासा लागते बाबू. कच्चं कामही." मुलाने कपाळाला हात लावला. तरी त्याचा विश्वास बसेना. ॲपमध्ये त्याचे स्वतःचे गुण उत्तम होते. ओट्स, बदाम, पावलं, सगळं चोख. बापाचे गुण तळाला. तो म्हणाला, "बाबा, आकडे खोटं बोलत नाहीत. चला आता."

सरांनी शांतपणे कार्ड पुढे केलं आणि मुलाला त्यातले प्रश्न विचारले. झोप? तुटक. जेवताना सोबत कोण? लॅपटॉप. शेजाऱ्याचं नाव? मुलगा आठवायला लागला. ॲपमध्ये ज्या वाट्यांनी सरांना बुडवलं होतं, त्याच वाट्यांनी कार्डात त्यांना पैकीच्या पैकी दिले. एका पेपरात मुलगा पहिला, दुसऱ्यात बाप पहिला, आणि तक्त्यात भातापायी बाप आणि बाहेरून मागवलेल्या जेवणापायी मुलगा, दोघेही सारखेच कापले गेले. बाप-लेक दोघेही माझ्याकडे पाहायला लागले.

मी म्हटलं, या तिन्हींतलं काहीच न वाचलेला परीक्षक हवा. दुसऱ्या दिवशी दोघांनाही रक्त तपासायला घेऊन गेले. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला तेव्हा चाचा मशीन थांबवून आले, मागच्या आजी काठी टेकत आल्या. सरांची साखर हद्दीच्या आत होती. मुलाची काठ ओलांडून बाहेर.

अंगणात असा जल्लोष झाला की दूधवाल्यानेही खर्रा थुंकून टाळ्या वाजवल्या. चाचा म्हणाले, "मास्टरजी, अब बेटे की बॅग इधर खाली करो." बॅग खरंच रिकामी झाली, मुलगा आठवडाभर राहिला, अंबाडीची भाजी मागून मागून खाल्ली आणि दुपारी भिंतीला टेकून असा झोपला की सर पंख्याचा आवाज होतो म्हणून पंख्याला रागवत होते. पुण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. जाताना त्याने ॲप बापाच्या फोनमधून स्वतःच्या हाताने काढलं आणि कार्डाचा फोटो काढून नेला.

आता रोज रात्री सर ताट वाढून घेतात, पाण्याच्या तांब्याला फोन टेकवतात, आणि पलीकडे मुलगा लॅपटॉप मिटवून जेवायला बसतो. दोघं फारसं बोलत नाहीत. भाजी दाखवतात, भाकरी दाखवतात, जेवतात. परवा कार्ड भरताना सर एका प्रश्नावर अडले. मला विचारलं, "पोरी, हे सोबत जेवणं म्हणाचं का नाई?"

मी म्हटलं, अर्धा गुण द्या सर.

ते पेन हातात धरून तांब्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी अर्धाच गुण लिहिला.