बेंबळीचे डायवरकाका

समुद्रकाठी राहून समुद्राला इतकी नावं ठेवणारा माणूस आमच्या धाकट्या आजोबांखेरीज दुसरा झाला नसेल. धाकटे आजोबा म्हणजे माझ्या आजोबांचे, आबांचे, पाठचे भाऊ. जन्म बेंबळीचा, विहिरीत किती हात पाणी उरलं यावर अख्ख्या घराचा राग-लोभ ठरायचा त्या काळातला. एसटीच्या लाल गाडीवर डायवरची नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक रत्नागिरीकडं झाली. मुक्कामी गाडी घेऊन ते ज्या मच्छीमारांच्या गावात गेले, तिथं पहिल्या सकाळी त्यांनी समोर पसरलेला समुद्र डोळे भरून पाहिला आणि कंडक्टरला म्हणाले, "एवढं पाणी, आन् एका म्हशीला पाजता येत न्हाय. काय चाटायचंय असलं पाणी?" हे मत त्यांनी पुढं चाळीस वर्षं बदललं नाही. आणि निवृत्त झाल्यावरही ते गाव काही सोडलं नाही.

लग्न त्यांनी केलं नाही. "डायवरचं बिऱ्हाड शिटाखाली मावलं पायजे," एवढंच कारण द्यायचे. ज्या गावात सकाळच्या चहाआधी माशाचा वास येतो, तिथं त्यांनी जन्मभर मासा तोंडाला लावला नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "त्याला पापनी न्हाय. झोपलंय का जागं हाय ते कळत न्हाय, आन् असलं आपुन खात नसतो." भातानं पोट भरत नाही, नुसतं फुगतं, यावरही ते ठाम होते. दर नवरात्रात तुळजापूरला देवीचं दर्शन घेऊन घरी यायचे आणि जाताना ज्वारीचं पोतं गाडीच्या टपावर टाकून न्यायचे. शेजारी एक मासे विकणाऱ्या मावशी राहायच्या. त्यांना यांनी ज्वारीची भाकरी थापायला शिकवली, आणि त्या शिकल्यावर रोज त्यांच्या भाकरीला नावं ठेवली. एका वर्षी तर घरामागच्या वाळूत ज्वारीच पेरली. सात ताटं आली, त्यातल्या दोन ताटांवर पाखरं बसली. उरलेल्या पाच कणसांचा हुरडा भाजून त्यांनी सगळ्या आळीला जेवायला बोलावलं. माणशी आठ-दहा दाणे आले. लोकांनी ते प्रसादासारखे हातावर घेतले आणि फार गोड आहेत असं सांगितलं. धाकटे आजोबा म्हणाले, "गोड कसले, खारट लागत्यात. मातीच तुमची तसली."

त्यांनी परत यावं म्हणून आबांनी रानात एक खोली बांधून ठेवली होती. पण हे सरळ सांगणं दोघांच्याही स्वभावात नव्हतं. नवरात्रात दोघं भाऊ एकाच ओट्यावर दोन टोकांना बसायचे आणि बोलणं माझ्यामार्फत चालायचं. मी तेव्हा नुकताच शाळेत मास्तर झालो होतो.

"त्याला इचार, कधी येनार हाय गावाकडं."

"त्यांना सांग, बघू."

"त्याला सांग, खोलीला कौलं घातल्यात."

"त्यांना म्हनावं, कौलं कुठं पळून जात न्हायत."

शेवटी आबांनी मलाच त्यांना आणायला पाठवलं. ते थांब्यावरच भेटले. तिथून त्यांचं घर पाच मिनिटांवर, पण पोचायला दीड तास लागला. प्रत्येक पडवीतून हाक येत होती, "डायवरकाका, या." त्यांच्या हातातल्या पिशवीत तालुक्याच्या गावाहून आणलेली औषधं होती, कुणाच्या रक्तदाबाची, कुणाच्या गुडघ्याची. प्रत्येकाला गोळी कधी घ्यायची ते तीन-तीनदा बजावत होते आणि पुढं आल्यावर मला म्हणत होते, "वीट आनलाय या लोकांनी. एक धड न्हाय." मी काय ते समजलो. जेवताना विषय काढला तर म्हणाले, "दिवाळी झाली की येतो." परत येऊन मी तसं सांगितलं. आबा म्हणाले, "कंच्या दिवाळीनंतर, ते इचारलंस का?"

निवृत्तीनंतरही त्यांचे हात स्वस्थ बसत नसत. गावात कुठलीही गाडी मागं घ्यायची झाली की हे मागं उभे. रिक्षा असो की लग्नाची बस, हातवारे करत, "येऊ द्या, येऊ द्या, डावं मारा," म्हणत ते गाडीबरोबर उलटे चालायचे. कुणी बोलावण्याची वाट पाहायचे नाहीत. गेल्या वर्षी एका सकाळी बंदराच्या धक्क्यावर बर्फाचा टेम्पो मागं येत होता. ओहोटी होती, खाली खडक उघडे पडले होते. धाकटे आजोबा नेहमीसारखे उलटे चालत गेले. टेम्पोवाला रडत आम्हाला सांगत होता, "काकांनी हात वर केला, मी ब्रेक दाबला. टेम्पो थांबला बरोब्बर कडेवर. परत आरशात बघितलं तर काका नव्हते." डोक्याला मार लागला होता. दवाखान्यात नेईपर्यंत ते राहिले नाहीत.

आम्ही पोचलो तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. भाऊ येईपर्यंत गावानं त्यांना ठेवलं होतं. एकही होडी पाण्यात गेली नव्हती. आबांनी अग्नी दिला. नंतर आबांनी त्या टेम्पोवाल्याला जवळ बोलावून पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तुझी चूक न्हाय, बाबा. त्याला कुनी सांगून ऐकायची सवय नव्हती."

तिसऱ्या दिवशी बाकीचे निघाले. आबा म्हणाले, "तुमी व्हा फुडं." मी त्यांच्याबरोबर थांबलो. चार दिवस आम्ही त्या पडवीत बसून होतो आणि लोक येत होते. डायवरकाकांनी कुणाच्या बाळंतिणीसाठी गाडी कशी वाटेत थांबवली, कुणाच्या मुलाला परीक्षेला कसं वेळेत पोचवलं, ते सांगत होते. मासेवाल्या मावशी म्हणाल्या, "शिमग्याला गायचे ते. असा आवाज होता की बायका हातातली कामं टाकून ऐकत बसायच्या. आता कोण गाणार?"

आबांनी सगळं मान खाली घालून ऐकलं.

परतीच्या गाडीत तुळजापूर मागं पडल्यावर ते पहिल्यांदा बोलले. "तो गायचा म्हनं."

"व्हय, आबा. सगळेच सांगत होते."

"आवाज चांगला हुता म्हनं."

मी मान हलवली. बेंबळीत उतरताना मी त्यांचा हात धरला तेव्हा हळूच म्हणाले, "आपल्यात कधी गायला न्हाय. आपुन कुनी गानं म्हन म्हनलंच न्हाय त्याला."