लाल कान

माणसाला लाज वाटली की आधी कान लाल होतात, हे तीस वर्षं डोकी भादरणाऱ्या न्हाव्याला पक्कं ठाऊक होतं. शाळेचं छप्पर कोसळून त्याच्या पुतणीचा हात मोडला, तेव्हा कुजके वासे शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांनीच घालायला लावल्याची बातमी त्यानं गुपचूप पेपरात दिली. आज अध्यक्ष दाढीला आल्यावर त्यानं ती मुद्दाम मोठ्यानं वाचली आणि त्यांचा कान न्याहाळला. कानावर लाली नव्हती. ढोंग असेल म्हणून त्यानं दुसराही पाहिला.

“फोटो झकास आलाय,” अध्यक्ष म्हणाले. “कल्ले तेवढे नीट कर. बातमी कोणी दिली असेल रे?”

“मला काय ठाऊक, साहेब!”

आरशात न्हाव्याचेच कान लालबुंद झाले होते आणि अध्यक्ष ते निवांत बघत होते.