भोईवाड्याचा हंगेरियन रॉक बँड

आमच्या ऑफिसात हंगेरीहून एक इंजिनीअर बदलीवर आला, तेव्हा त्याला घर शोधून द्यायचं काम ॲडमिनकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. परळच्या टॉवरमधले चकाचक फ्लॅट दाखवले, तर म्हणाला, "इथे शेजारी कुठे आहेत?" शेवटी भोईवाड्यात, आमच्याच बिल्डिंगमधली एक खोली त्याला आवडली. दारातून वाकून शिरावं लागेल इतका उंच माणूस, पिंगट दाढी आणि पाठीला गिटार.

वॉचमनने मला विचारलं, "कुठला हाय हा?"

"हंगेरियन," मी म्हटलं.

त्याने ऐकलं 'हंग्री', आणि तसंच सगळीकडे सांगितलं. संध्याकाळपर्यंत प्रत्येक मजल्यावरून त्याच्याकडे डबे गेले. माझी आई तर रोज गॅलरीतून ओरडून विचारायची, "जेवलंस काय रे?" त्याला वाटायचं, इथे नमस्कार असाच करतात. एकदा लिफ्टमध्ये आमच्या एमडींना त्याने हात जोडून विचारलं, "जेवलंस काय रे?"

माझा धाकटा भाऊ दिवसा इन्शुरन्स कंपनीत असतो आणि सीझनला लालबागच्या एका बेंजो पार्टीत बेंजो वाजवतो. वरून गिटार ऐकू आली तसा हा बेंजो आणि ॲम्प्लिफायर घेऊन जिना चढला. एकमेकांचं बोलणं दोघांनाही धड कळत नव्हतं. 'वन टू थ्री फोर' तेवढं दोघांनाही येत होतं, आणि त्यावर त्यांचं भागलं. आईच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवायचे, म्हणून मला कीबोर्डवर बसवलं. नाही म्हणायची संधी कोणी दिली नाही.

ड्रमर मिळाला तो चिक्कीमुळे. आमच्या घरची चिक्की खाताना हंगेरियनचा दात तुटला. भाऊ आणि मी त्याला दादरला भावाच्या कॉलेजमधल्या मित्राकडे घेऊन गेलो. हा मित्र डेंटिस्ट, घरात सगळे शुद्ध बोलणारे, शास्त्रीय संगीताचे भक्त. दाताला भूल चढेपर्यंत तो स्टीलच्या ट्रेवर दोन चिमट्यांनी काहीतरी वाजवत बसला. खुर्चीतल्या हंगेरियनचे डोळे चमकले. तोंडात कापूस, त्यामुळे बोलता येईना. त्याने दोन्ही हात हवेत ड्रमसारखे आपटून दाखवले. डेंटिस्ट घाबरून म्हणाला, "दुखतंय का?"

"नाही रे," भाऊ म्हणाला, "तुला बँडमध्ये घेतलाय."

गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत आमची प्रॅक्टिस चालायची, गेल्या वर्षीच्या थर्माकोलच्या हिमालयाला टेकून. गाणी हंगेरियनने स्वतः केलेली, त्याच्या भाषेत. त्यातलं एक फार संथ सुरू व्हायचं, मग चढत चढत तो अगदी आर्त आवाजात ओरडायचा, "निंच शो! निंच शो!" ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. अर्थ विचारायची हिंमत होत नव्हती. कुणीतरी गेलं असावं, असं आम्ही आपसात ठरवून टाकलं होतं.

पहिला कार्यक्रम बिल्डिंगच्या सार्वजनिक सत्यनारायणाला झाला. बॅनरवाल्याने छापलं, 'हंग्री रॉक बँड'. निम्मे लोक स्टेजजवळ प्लेट घेऊन उभे राहिले. पण गाणं सुरू झालं आणि सगळं शांत. 'निंच शो' आलं तेव्हा तळमजल्यावरचे हवालदारकाका, जे स्वतःच्या मुलीच्या पाठवणीलाही रडले नव्हते, ते रुमाल काढून बसले. आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "काय तां दुख्ख, रे देवा!"

कार्यक्रम संपल्यावर तिनेच त्याला सरळ विचारलं. मी भाषांतर केलं. तो शांतपणे म्हणाला, "शाळेत हॉस्टेलला होतो. तिथल्या सूपमध्ये मीठ नसायचं. निंच शो म्हणजे मीठ नाही."

आईने डोळ्यांचा पदर खाली घेतला. मग म्हणाली, "मगे एवढा रडण्यापेक्षा मीठ मागूक काय झाला व्हता?"

अर्थ कळल्यावर गाणं पडेल अशी मला भीती होती. उलट झालं. शीव कोळीवाड्यात एका हळदीला आम्हाला बोलावणं आलं. तिथल्या बायकांनी ते गाणं दुसऱ्या कडव्यातच आपल्या ठेक्यावर ओढून नेलं. नवरामुलगा हळदीने पिवळा होऊन नाचत होता, सगळा मांडव 'निंच शो' ओरडत होता, आणि एका मावशींनी मिठाचा अख्खा पुडा हंगेरियनच्या खिशात कोंबला. मग गोविंद्याची स्टेजं मिळाली, ऑफिसचा ॲन्युअल डे मिळाला. पाडव्याला गिरगावात शोभायात्रेत आम्ही चक्क ट्रकवर होतो. हंगेरियनला कुठलाच फेटा पुरेना, म्हणून दोन जोडून बांधले. फुटपाथवरून पोरं ओरडत होती, "ए मीठवाला! मीठवाला!" भाऊ माझ्या कानात म्हणाला, "ताई, आपण पोचलो."

त्याच सुमाराला हंगेरियन गुरुवारी आमच्याकडे चहाला येऊन बसू लागला. गुरुवारी आईचं भजन असतं. आधी तो दारात बसायचा, मग आत, मग त्याच्या हातात टाळ आले. आई त्याला बोटाने गुडघ्यावर ताल दाखवायची. एकदा चुकला तर टाळ काढून घ्यायची, आणि तो एवढंसं तोंड करून पुन्हा मागायचा. माझ्या लक्षात येत होतं. भावाच्या येत नव्हतं.

एका प्रॅक्टिसला त्याने गिटार बाहेर काढलीच नाही. म्हणाला, "मला आता भजन गायचंय. आपण भजन करू या."

भाऊ उडालाच. "अरे, तू हंगेरियन आहेस! लोक हंगेरियन ऐकायला येतात! भजन करणारे इथे मजल्यामजल्यावर बसलेत!"

"म्हणूनच," तो म्हणाला. "भजनात मी एकटा नसतो."

"आणि माझा ड्रम?" डेंटिस्टने विचारलं. "भजनात ड्रम कुठे बसणार?"

ते तसंच अर्धवट राहिलं. भांडण पुरं व्हायच्या आत दिवाळी आली. डेंटिस्टच्या आईने त्यांच्या सोसायटीच्या दिवाळी पहाटेला आमचा कार्यक्रम ठेवला होता. तिने बजावलं होतं, "सकाळची वेळ आहे, काहीतरी सात्त्विक असू द्या." भाऊ म्हणाला, सात्त्विक म्हणजे जरा कमी व्हॉल्यूम.

समोर सिल्कचे कुर्ते, नऊवाऱ्या, हातात केशरी दूध. भावाने 'निंच शो'ची सुरावट छेडली. हंगेरियनने डोळे मिटले आणि खड्या आवाजात आईकडून शिकलेला अभंग सुरू केला. भाऊ थांबला नाही, ॲम्प वाढवला. हंगेरियननेही आवाज चढवला. आपल्याला कोणी विचारत नाही म्हणून डेंटिस्टने मध्येच ड्रमचा सोलो लावला. मी एका हाताने अभंगाची साथ करत होते आणि दुसऱ्याने मिठाच्या गाण्याची. शेवटी तिघंही दमून एकदम थांबले.

टाळ्यांचा कडकडाट. पहिल्या रांगेतले एक आजोबा उभे राहून म्हणाले, "वा! याला म्हणतात फ्युजन!"

"फ्युजन कसलं आजोबा," भाऊ माईकवरच म्हणाला, "भांडण चाललंय!"

लोक खळखळून हसले. स्टेजमागे मात्र कोणी हसत नव्हतं. भाऊ म्हणाला, "बँड तुझा नाही, आपला आहे." हंगेरियन म्हणाला, "मग तुम्हीच ठेवा." आणि गिटार भावाच्या हातात देऊन तो बेस्टच्या बसमध्ये चढला. आम्ही फराळाच्या ताटांसमोर उभे. चकली छान होती, पण भावाच्या दोन्ही हातांत गिटार होती.

हट्टाने भावाने हंगेरियन बँड हंगेरियनशिवाय चालवला. पाठ केलेली गाणी तो स्वतः गायचा. मग ऑफिसात बुडापेस्टच्या पाहुण्यांचं स्वागत होतं, तिथे आम्ही वाजवलं. एक पाहुणी बाई अतिशय एकाग्रतेने ऐकत होत्या. शेवटी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "सुंदर! ही कोकणी भाषा आहे का?"

मी हो म्हटलं. भावाने ते ऐकलं. घरी येताना म्हणाला, "ताई, बस झालं." डेंटिस्टला फोन करून सांगितलं, त्याला थोडं वाईट वाटलं, थोडं बरंही.

वर्ष संपायच्या सुमाराला हंगेरियनची बदली संपली. दिवाळीपासून तो आणि भाऊ जिन्यात भेटले तरी भिंतीकडे बघून जायचे. निघायच्या दिवशी मात्र भाऊ सुट्टी टाकून आला, न बोलता त्याच्या बॅगा खाली नेल्या, टॅक्सीत पुढे बसला. एअरपोर्टवर त्याने गिटार परत केली. हंगेरियनने ती उघडून तारा तपासल्या. भावाने नव्या घालून ठेवल्या होत्या. मग दोघांनी मिठी मारली. भावाचं डोकं त्याच्या पोटाशी येत होतं.

आता त्याने तिकडे आपल्या गावात भजनी मंडळ काढलंय. चौघं जण आहेत, त्यातला एक अ‍ॅकॉर्डियनवाला. त्यांचं आपसात पटत नाही, आणि कडाक्याचं भांडण झालं की तो व्हिडिओ कॉल लावून फोन सगळ्यांसमोर ठेवतो. आई चष्मा लावून त्या चार गोऱ्या माणसांकडे रोखून बघते.

"गप रवा सगळे," ती म्हणते. "आधी ताल, मगे तोंड."

एक अक्षर न कळता ते गप्प बसतात. अ‍ॅकॉर्डियनवाला तर टोपीसुद्धा काढतो.