मोटार चाखणारे हुसेनभाई

हुसेनभाई रोज सकाळी आमची मोटार चाखून बघत. खोटं नाही सांगत. गिरणीचा भोंगा झाला की ते विजापूर वेशीकडून चालत यायचे, फाटकाशी चपला काढायचे, मोटारीच्या मडगार्डाखालून अंगठा फिरवायचे आणि तो जिभेला लावून क्षणभर डोळे मिटायचे. लग्न होऊन मी सोलापुरात आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी खिडकीतून हा प्रकार पाहिला. आपल्या नवऱ्यानं वेडा माणूस नोकरीला ठेवलाय, अशी माझी खात्रीच पटली.

पुढे ओळख झाल्यावर मी विचारलंच.

"वैनी, मी सारी उमर टांगा हाकलाय," ते म्हणाले. "घोड्याचा घाम जिभंला लावला की त्याला काय होतंय ते कळायचं. ही बी घोडीच हाय की. हिला फकस्त शेपूट न्हाय."

डॉक्टरांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, ती मोटार विलायतेला परतणाऱ्या गिरणीतल्या एका साहेबाकडून घेतली होती. जुनीच होती, पण पुढचे दोन मोठे दिवे पितळेचे होते आणि त्यांचा डौल काही वेगळाच होता. गावभर रोगी बघायला डॉक्टर तिच्यातूनच जात. त्यांचा फार जीव होता तिच्यावर. माझ्यावरही असावा, पण मोटारीवरचा दिसायचा.

एके दिवशी अंगणातून त्यांची आरोळी आली, "गंज! अरे, गंज!" माझ्या करमाळ्याच्या माहेरी गंज म्हणजे दूध तापवायचं भांडं. मी घाईघाईनं दूध दुसरीकडे ओतलं आणि रिकामा गंज घेऊन बाहेर धावले. डॉक्टर मडगार्डावरच्या तांबूस डागाकडे बोट दाखवून उभे होते. ते माझ्या हातातल्या भांड्याकडे बघतच राहिले. हुसेनभाईंनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

"सोलापुरात पाऊस तो केवढा!" डॉक्टर कडाडले. "इथं माणसांना प्यायला पाणी पुरत नाही आणि माझ्या मोटारीला गंज चढतो? हुसेनभाई, तुम्ही ती धुऊन तशीच ओली ठेवता."

हा आरोप अगदी खोटा होता. हुसेनभाई मोटार धुतली की डॉक्टरांच्या जुन्या धोतरानं तिचा कानाकोपरा टिपून काढत. मडगार्डाच्या आतला चिखल बाभळीच्या काटकीनं कोरून काढत. एकदा थंडीच्या दिवसांत मी मायेनं तिच्यावर जाडजूड चादर घातली, तर त्यांनी ती लगेच ओढून काढली. "दवानं चादर भिजती, वैनी. मग पाणी आतल्या आत मुरतंय. उघडी असली तर वारं तरी लागंल तिला."

आणि त्यांचं खरं औषध होतं रोगण. शेतकरी मोटेच्या चामड्याला लावतात तसं करडईचं तेल ते मागच्या अंगणात कढवत बसत, काळं आणि घट्ट होईपर्यंत. मग उन्हात तापलेल्या पत्र्यावर चिंधीनं त्याचा पातळ हात द्यायचा आणि दिवसभर वाळू द्यायचं. एकदा ते वाळायच्या आतच डॉक्टरांना तातडीचं बोलावणं आलं आणि मोटार कापसाच्या गाड्यांमागून गेली. परत आली ती पांढरीशुभ्र दाढी घेऊन! दोन दिवस हुसेनभाई तिची हजामत करत होते.

हे रोगण ते दर गुरुवारी लावत, आणि दिव्यांखाली तर दोन-दोन हात.

"गुरुवारच का, हुसेनभाई?"

"पिराचा वार हाय, वैनी."

"आणि दिव्यांखालीच दोनदा का?"

"तितं तिला नजर लागती," असं म्हणून ते माझ्याकडे न बघता चिंधी पिळत राहिले.

आता माझं सांगते. शुक्रवारी मी देवाची भांडी चिंच आणि मीठ लावून घासत असे. उरलेली चिंच टाकायची कशाला, म्हणून अंगणात जाऊन मोटारीचे दोन्ही दिवेही घासायची. मला कुणी सांगितलं नव्हतं. नव्या नवरीची हौस, दुसरं काय! डॉक्टर बाहेर येऊन म्हणत, "वा, दिवे काय लखलखतायत!" मी फुलून जाई. पुढच्याच श्वासाला ते मडगार्डाखाली वाकत आणि एखादा डाग सापडला की हुसेनभाईंना फैलावर घेत.

शेवटी त्यांनी बजावलं, "खंडेनवमीच्या पूजेला एक जरी डाग दिसला, तर मी दुसरा माणूस बघेन." हुसेनभाई घोडी विकून आमच्याकडे आले होते. परत जायला टांगा उरला नव्हता, आणि त्या वयात त्यांना दुसरं कोण ठेवणार? मला फार वाईट वाटलं. मोटार सुंदर दिसली तर त्यांची नोकरी वाचेल, अशा विचारानं मी दिवे आणखी जोरानं घासू लागले.

त्या वर्षी खंडेनवमी बुधवारी आली. मी मंगळवारी संध्याकाळीच दुप्पट चिंच घेऊन दिवे घासले. सकाळी बघते तर दोन्ही दिव्यांखालून मडगार्डावर तांबडे ओघळ उतरलेले, रडलेल्या पोराच्या गालांवर असावेत तसे. पूजेचं ताट माझ्या हातात तसंच राहिलं.

"हुसेनभाई," डॉक्टर थंडपणे म्हणाले, "पूजा झाली की मोटार सुरू करायचं हँडल ठेवून घरी जा."

हुसेनभाईंनी अंगठा फिरवला, जिभेला लावला आणि डोळे मिटले. "चुकी माझीच हाय, सायेब. तेल लावायचं राहिलं."

मी कुंकू लावायला वाकले. दिव्याच्या खाचेत चिंचेची एक शीर अडकली होती, आणि ओघळ तिथूनच सुरू झाला होता. त्यांच्या तेलाच्या गुरुवारनंतर माझा चिंचेचा शुक्रवार येतो, हे मला त्या क्षणी कळलं. मोठ्या माणसांसमोर तोंड उघडायची सवय नव्हती. पण मी ती शीर उचलून डॉक्टरांपुढे धरली.

"ही माझी चिंच आहे. देवाच्या भांड्यांसारखे मी हे दिवे घासते, दर शुक्रवारी. तेच पाणी खाली उतरतं. त्यांचा काही दोष नाही."

डॉक्टरांनी दिव्याकडे पाहिलं, ओघळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, अगदी त्या भांड्याच्या दिवशी पाहिलं होतं तसं.

"म्हणजे गंज तूच आणलास," ते म्हणाले. "दोन्ही वेळा!" आणि त्यांना हसू आवरेना. मग हसू ओसरल्यावर त्यांनी हुसेनभाईंचा हात धरला. "माफ करा. हँडल तुमच्याकडेच असू द्या."

दुपारी मी हुसेनभाईंना गाठलं. "पहिल्यांदाच का नाही सांगितलंत? नोकरी जात होती ना तुमची!"

"तुमी लई हौसेनं घासत हुता की, वैनी. लोखंडाला लावायला तेल हाय. हौस गंजली तर तिला काय लावू?"

तेव्हापासून मी दिवे कोरड्या राखेनं पुसू लागले. हुसेनभाईंचा गुरुवार मात्र चुकला नाही. काही वर्षांनी मोटार विकली, तेव्हा घेणाऱ्यानं खाली आडवं होऊन हात फिरवला, पण गंजाचा कण सापडेल तर शपथ.

नंतर हुसेनभाई फार थकले. दृष्टी गेली, मग तापानं धरलं. आम्ही बघायला गेलो तेव्हा तोंडाला चव नाही म्हणून ते काही खात नव्हते. दुसऱ्या दिवशी मी चिंचगुळाची आमटी करून नेली. कोण आलंय, काय आणलंय, मी काहीच बोलले नाही. वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा बुडवला, जिभेला लावला आणि डोळे मिटले.

"वैनी आल्या व्हय?" ते पुटपुटले.

मला रडू फुटलं आणि हसूही. "कसं ओळखलंत?"

"पैल्याच शुक्रवारी चाखली हुती की ही चिंच, मडगाडावर," ते म्हणाले. "मीठ वाईच जास्त पडतं तुमच्या हातनं."

आठ दिवसांनी ते गेले. आमटीत मीठ घालताना माझा हात अजून थबकतो.