काचदेवाचे साहेब

आधी दगड चाटायचा, मग बोलायचं, अशी साहेबांची रीत. केंद्र सरकारच्या भूगर्भ खात्याचा एवढा मोठा अधिकारी, आणि हातोडीनं खडक फोडून जीभ लावतोय! पाटोद्याकडच्या आमच्या गावाला फुकटचा तमाशा मिळाला. "साहेब, मीठ आणू का?" असं विचारणाऱ्यांत मीही होतो. ते म्हणायचे, "हसा. दगड खोटं बोलत नाही."

शाळेमागचा कडा सुटतोय, पोरं हलवा, असा अहवाल त्यांनी दिला. सरपंच म्हणाले, "हजार वर्सं उभा हाय. आमालाच बघून पडतोय व्हय?" अहवाल ग्रामपंचायतीच्या कपाटात गेला. माझी मुलगी त्याच शाळेत, तरी मी हसतच होतो. काय म्हणावं आम्हाला!

मग साहेबांनी माझ्या काचेच्या दुकानातून एक पट्टी कापून घेतली आणि कड्याच्या भेगेवर आडवी चिकटवली. "भेग रुंदावली की काच तुटेल. तेव्हा तरी ऐकाल."

त्यांची जीप वळते न वळते तोच पट्टीला कुंकू लागलं. आठवड्यात नारळ फुटले, नाव पडलं काचदेव. पावसाळ्यात काच तडकली. आता खंडित देव ठेवतात होय? सरपंचांनी माझ्याकडून नवी पट्टी नेली आणि वाजतगाजत बसवली.

महिन्यानं साहेब आले. अखंड काच पाहून केवढे खूश! "चला, थांबला कडा." त्यांनी लिहायला वही उघडली, तसा मी पुढं झालो.

"साहेब, ही दुसरी हाय. मीच कापून दिली."

त्यांनी वही मिटली. रागावले नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली. मग मला घेऊन सरपंचांकडे गेले. "काचदेवाला पोरांचा गोंगाट सोसत नाही. म्हणून तडकला."

संध्याकाळपर्यंत शाळा समाजमंदिरात! परतताना ते पुटपुटले, "सगळ्या नोकरीत पहिल्यांदा खोटं बोललो."

चौथ्या दिवशी कडा रिकाम्या वर्गांवर कोसळला. गावानं काचदेवाचा जयजयकार केला. साहेबांना कुणी साधा फोनही केला नाही, मीसुद्धा. पुढं ते निवृत्त झाले आणि वर्षभरात वारले.

आता उरलेल्या कड्याच्या भेगेवर नवी पट्टी आणि खाली काचदेवाचा सभामंडप आहे. गोंगाट न सोसणाऱ्या देवापुढं लाऊडस्पीकर, आणि प्रसादाला सगळी पोरं. परवा काच पुन्हा तडकली. मी सरपंचांना म्हणालो, "देवाला गर्दी सोसंना."

"तुझ्याशी कवापासून बोलायला लागला रं देव? पट्टी काप."

आज सकाळी मी कड्याचा दगड फोडून जीभ लावली. काही कळलं नाही. मागं पोरं खो खो हसत होती, माझी मुलगी सगळ्यांत पुढं.

"बाबा, मीठ आणू का?"