जीवरामभाऊंचं चौथं वचन

धुळ्यात आमच्या चर्चच्या मंडळीतले जीवरामभाऊ एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, पण कान अजून इंजिनाचेच. पाळकांचा उपदेश लांबला की म्हणत, "गाडी गरम झाली, थांबवा आता."

गेल्या वर्षी त्यांच्या सुनंदाबाई गेल्या आणि भाऊंनी प्रार्थना सोडली. बायकोमागे रविवार चुकवला नाही, पण शेवटच्या बाकावर हाताची घडी. सगळे डोळे मिटत, तेव्हा हे पंख्याकडे बघत. मला कसं कळलं, ते विचारू नये. एरवी चर्चच्या आवारातल्या सदाफुलीला पाणी घालताना मात्र वर बघून मोठ्यानं भांडत, "इतली चांगली बाई कसाले नेली? बोल ना!" माझ्या डायरीत एकट्या मार्चमध्ये अशी अकरा भांडणं आहेत.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे क्रुसावरच्या प्रभूच्या सात वचनांवर सात जण बोलतात. यादी मी करते. देवानं मला का सोडलं, असं प्रभू विचारतो ते चौथं वचन. त्यापुढे यंदा मी भाऊंचं नाव लिहिलं.

भाऊ तडक घरी आले. "अक्का, मनं नाव कसाले लिखं? मी प्रार्थना करत नही, तुमले माहीत शे."

"प्रार्थना कोणी सांगितली? प्रश्न विचारायचा आहे. तो तुम्हाला पाठ आहे."

"आनि काहीच सुचनं नही तर?"

"तर बसा खाली. तिसऱ्या वचनाला आपले न थांबणारे कौतिकभाऊ आहेत, लोक तुम्हाला दुवाच देतील."

जाताना म्हणाले, ही शेवटची वेळ, यानंतर चर्चची पायरी चढणार नाही. मी हसले खरी, पण चहात साखर घालायला विसरले.

कौतिकभाऊंनी त्रेचाळीस मिनिटं घेतली. मग जीवरामभाऊ उठले. प्रश्न वाचला. पुन्हा वाचला, या वेळी वर बघून, सदाफुलीपाशी लागतो त्याच आवाजात. मग आमच्याकडे वळले.

"वरीसभर वाटनं, मी एकलाच इचारस. पन त्यानी बी इचारं. अंधारमा तो मना पहिलेच उभा व्हता."

एवढंच बोलून बसले. पाळकांनी प्रार्थना सुरू केली. भाऊंचे डोळे मिटलेले होते. माझे नव्हते, हे कबूल.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी दारात हजर. "अक्का, पुढला वरीसले माले पाचवं लिखा. प्रभूले तहान लागस, ते."

मी लगेच डायरीत नोंदवलं. "म्हणजे पायरी चढणार तर?"

"चढनीच पडी. कौतिकभाऊले कोन थांबाडी?"